अहिल्यानगर जिल्ह्यातील घटस्फोट आणि पोटगी

अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील घटस्फोटाचे दावे पक्षकारांच्या धर्मानुसार वेगवेगळ्या कायद्यांखाली चालतात. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू होतो, तर ख्रिस्ती पक्षकारांना घटस्फोट अधिनियम, १८६९. मुस्लिम स्त्री १९३९ च्या अधिनियमानुसार विवाह विघटनाचा दावा दाखल करू शकते. नोंदणी पद्धतीच्या विवाहांसाठी विशेष विवाह अधिनियम, १९५४ आहे. पोटगीचा फौजदारी कायदा मात्र सर्वांसाठी समान आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

पूर्वपीठिका

काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द कायद्यापेक्षा जुने आहेत. अनेक जातींमध्ये फारकतीनंतर पाट लावण्याची रूढी होती आणि निवाडा जातपंचायत करी. पंचायतीच्या या अधिकाराला मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये मर्यादा घातली. विवाह मोडण्याचा किंवा पती हयात असताना स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मान्य करता येत नाही, असे त्या निकालात म्हटले होते. मुंबई प्रांतातील हिंदूंना न्यायालयीन घटस्फोटाचा मार्ग मुंबई हिंदू घटस्फोट अधिनियम, १९४७ ने मोकळा केला. अहमदनगर जिल्हा त्या प्रांतात असल्याने येथील स्त्री-पुरुषांना हा हक्क देशव्यापी कायद्याच्या आठ वर्षे आधी मिळाला.

१९५५ च्या कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट रद्द केला नाही. कलम २९(२) ने तो राखून ठेवला आहे. मात्र आपल्या समाजात अशी रूढी आहे हे तिचा आधार घेणाऱ्याला पुराव्याने सिद्ध करावे लागते. मुद्रांक कागदावर फारकतनामा लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की घटस्फोट झाला, ही समजूत चुकीची आहे. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिला विवाह कायम राहतो, दुसरा विवाह शून्य ठरतो आणि त्याचे आर्थिक परिणाम बहुधा दुसऱ्या पत्नीला भोगावे लागतात.

हिवरगाव पावसा येथील विवाहाचे प्रकरण

असा प्रश्न संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील देवगड मंदिरात २००५ मध्ये झालेल्या एका विवाहातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वधूचा आधीचा घटस्फोट झालेला होता. वराची पहिली पत्नी हयात होती, ही गोष्ट त्याने लपवली होती. काही महिन्यांनी पहिली पत्नी घरी आली तेव्हा ती उघड झाली. पुढे मुलगी जन्मली आणि आईने दोघींसाठी पोटगी मागितली. दरमहा पत्नीला १,००० व मुलीला ५०० रुपये मंजूर झाले. दीड हजार रुपयांचा हा वाद पतीने दिल्लीपर्यंत नेला.

दुसरा विवाह शून्य असल्याने ती ‘पत्नी’ नाही, असा पतीचा बचाव होता आणि त्याला सर्वोच्च न्यायालयाच्याच १९८८ च्या एका निकालाचा आधार होता. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्या. रंजना देसाई व न्या. अर्जन कुमार सिक्री यांच्या पीठाने तो फेटाळला. पहिला विवाह लपवून फसवणूक करणाऱ्याला स्वतःच्या गैरकृत्याचा लाभ घेता येणार नाही. पोटगीपुरते अशा स्त्रीला पत्नीच मानावे, असे पीठाने ठरवले. या निकालाने तो विवाह वैध झाला नाही. पहिल्या विवाहाची माहिती असूनही लग्न केलेल्या स्त्रीलाही त्याचा आधार मिळत नाही.

उत्पन्न सिद्ध करणे

पगारदार पतीचे उत्पन्न वेतनचिठ्ठीवरून कळते. ऊस, कांदा आणि दूध यांवर घर चालते तेथे ते इतके सरळ नसते. सातबारा अनेकदा सासऱ्याच्या नावावर असतो आणि ‘माझ्या नावावर काहीच नाही’ हे पतीचे पहिले उत्तर असते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. शेतकरी पक्षकारांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. त्यात जमिनीचे क्षेत्र व हिस्सा, बागायत की जिरायत, पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, बटाईची जमीन, गाई-म्हशी, दुग्धव्यवसाय आणि जमिनीवरील कर्ज यांची माहिती द्यावी लागते. साखर कारखान्याचे ऊसबिल, दूध संस्थेची खातेवही, बाजार समितीतील हिशेबपट्टी ही कागदपत्रे न्यायालयामार्फत मागवता येतात. तोंडी साक्षीपेक्षा त्यांचे वजन अर्थातच अधिक असते. पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यावी, हेही याच निकालाने ठरले.

मालमत्ता आणि निवारा

गोव्यात विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक होते. महाराष्ट्रात तसे नाही. येथे घटस्फोटित पत्नीला पतीच्या जमिनीत आपोआप वाटा मिळत नाही. स्त्रीधन तिचेच असते. कायमस्वरूपी पोटगीसाठी पतीच्या स्थावर मालमत्तेवर बोजा चढवण्याचा अधिकार न्यायालयाला कलम २५ खाली आहे, पण याची मागणी अर्जात स्पष्टपणे करावी लागते. विवाह टिकून असताना सासऱ्याच्या मालकीचे घरही ‘सामायिक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कौटुंबिक हिंसाचार कायद्यासंदर्भात स्पष्ट केले.

परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष विभक्त राहणे आवश्यक असते. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत २०१७ च्या निकालापासून योग्य प्रकरणांत माफ होऊ शकते. घाईने केलेल्या तडजोडीत ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ असे वाक्य सर्रास घातले जाते. असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे.

खर्च आणि वसुली

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात (१७,०४८ चौ. किमी) अकोल्याहून किंवा जामखेडहून जिल्हा ठिकाणी तारखेला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः राहते तेथील न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज करू शकते. पोटगी व घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून न्यायालय शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आदेशानंतर वसुली हे स्वतंत्र काम असते. रक्कम थकल्यास फौजदारी न्यायालयात ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. उशीर झाल्यास त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. पोटगी न मिळालेल्या घटस्फोटित स्त्रियांना, तसेच घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रियांना, उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ घेता येतो. त्यासाठी अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो.