फक्त नावं बदलली?

रोमनांनी ग्रीकांचे देव उचलले आणि नुसती नावं बदलली, असं आपण सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. झ्यूसचा ज्युपिटर, क्रोनसचा सॅटर्न. म्हणजे सरळसरळ कॉपी-पेस्ट! मीही बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो. मागच्या शनिवारी दोघांच्या सृष्टीच्या जन्माच्या कथा एकापाठोपाठ वाचल्या आणि गाडी अडली ती पहिल्याच शब्दावर: केऑस.

इसवी सनापूर्वी ७००च्या आसपास हेसिअडने ‘थिऑगनी’ रचलं. त्याचा केऑस म्हणजे गोंधळ नव्हे. जांभई दिल्यासारखी उघडलेली एक पोकळी. त्यानंतर गाया, म्हणजे पृथ्वी. ती एकटीच आकाशाला, युरेनसला जन्म देते. पुढे सगळी वंशावळ, आणि तीही भांडकुदळ घराण्याची. युरेनस मुलांना गायाच्या पोटातच कोंडतो. क्रोनस कोयत्याने बापाचं पौरुष कापतो. मग तोच स्वतःची मुलं गिळतो आणि शेवटी झ्यूस त्याला पाडतो. जगाला शिस्त लागते, पण ती बाप-लेकांच्या मारामारीतून.

आता ओव्हिड. इसवी सन ८च्या सुमाराचं त्याचं ‘मेटामॉर्फसिस’. इथे केऑस म्हणजे ढीग: गरम-थंड, ओलं-सुकं, जड-हलकं सगळं एकत्र कोंबलेलं. मग एक देव येतो आणि वर्गवारी करतो. आकाश वर, पाणी खाली, पृथ्वीचा गोळा, त्यावर पाच पट्टे. देव कोणता? ओव्हिड म्हणतो, जो कोणी असेल तो! बापाला पाडण्याची एवढी मोठी कथा, पण इथे सॅटर्नची रवानगी पाताळात होते ती जाता जाता, एका वाक्यात.

मग रोमनांकडे रक्त सांडतच नाही का? सांडतं की. पण ते शहराच्या जन्मात. परंपरेने रोमच्या स्थापनेचं साल इसवी सनापूर्वी ७५३ मानतात, आणि कथेत तिथे रोम्युलसच्या हद्दीच्या भिंतीपायी त्याचा सख्खा भाऊ रीमस मारला जातो. ग्रीकांनी जे भांडण आकाशात नेलं, ते रोमनांनी स्वतःच्या वेशीवर ठेवलं. मला तरी हा फरक नावांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. ओव्हिडचं हे काव्य जवळजवळ पूर्ण झालं होतं, तेव्हाच, इसवी सन ८ मध्ये, सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला हद्दपार केलं. (आजच्या रुमानियातलं कॉन्स्टँटा.) कारण काय? त्याच्याच शब्दांत, एक कविता आणि एक चूक. चूक कोणती ते त्याने कधीच उघड सांगितलं नाही. तो रोमला परतलाही नाही.

प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी ठेवणारा देव ज्याने रंगवला, त्यालाच एका सम्राटाने उचलून जगाच्या टोकाला ठेवलं. शिस्त लावणाऱ्याचं नाव ओव्हिडच्या काव्यात नाही, पण त्याच्या आयुष्यात मात्र ते चांगलंच ठळक होतं.

असो. कॉपी-पेस्टवाला माझा सिद्धांत मी मागे घेतलाय :)