मोटारगाडीतील तापन व वायुवीजन

मोटारगाडीच्या बंदिस्त कक्षात ताजी हवा घेणे, ती आवश्यकतेनुसार तापविणे किंवा थंड करणे आणि चेहरा, पाय व पुढील काच यांकडे वळविणे ही कार्ये करणाऱ्या यंत्रणेस तापन व वायुवीजन यंत्रणा म्हणतात. ही यंत्रणा सुखसोय म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्या इतिहासात सुरक्षिततेचा प्रश्न आरंभापासून गुंतलेला आहे. काचेवर बाष्प साचल्यास चालकास रस्ता दिसत नाही आणि एंजिनाचे निष्कास वायू कक्षात शिरल्यास विषबाधेने मृत्यू ओढवू शकतो.

इतिहास : पहिल्या मोटारगाड्या बहुधा उघड्या असल्याने वायुवीजनाचा प्रश्नच नव्हता, थंडीच्या निवारणासाठी प्रवासी जाड कपडे, पांघरुणे व पायांशी ठेवावयाच्या लहान शेगड्या वापरीत. १९२० नंतरच्या दशकात बंदिस्त गाड्यांचा प्रसार झाला, तेव्हा निष्कास नळीच्या उष्णतेचा उपयोग करण्यात येऊ लागला. नळीभोवती आवरण बसवून त्यातून गेलेली गरम हवा आत सोडीत. मात्र नळीस चीर पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायूही हवेबरोबर आत येई. १९३० च्या सुमारास अमेरिकेत एंजिन थंड करणारे पाणी लहान प्रारकातून खेळवून त्यावरून पंख्याने हवा सोडण्याची पद्धत प्रचारात आली. हवा व निष्कास वायू यांचे मार्ग अशा रीतीने वेगळे झाल्याने हा धोका बराच कमी झाला. हवेने थंड होणाऱ्या एंजिनाच्या फोल्क्सव्हागेन बीटलमध्ये मात्र निष्कास उष्णतेचाच वापर पुढेही चालू राहिला.

जनरल मोटर्सने १९३३ च्या गाड्यांत दारावरील लहान फिरत्या काचा आणल्या. नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची हवा गाळून, तापवून पंख्याने आत ढकलणारी यंत्रणा प्रचारात आणली. पॅकार्डने १९४० च्या गाड्यांत कारखान्यातच बसविलेले वातानुकूलन उपलब्ध केले [→ वातानुकूलन]. फोर्ड कोर्टिना या गाडीत १९६४ मध्ये चेहऱ्याच्या पातळीवर झरोके आणि मागील बाजूस हवा बाहेर जाण्याची वाट ठेवण्यात आली. आत आलेल्या हवेस निर्गम नसेल, तर नवी हवा आत येत नाही, हे तत्त्व त्यामुळे सर्वमान्य झाले.

महाराष्ट्रातील वाटचाल : मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० व पुढे पद्मिनी या गाड्यांत पुढील दारांवरील त्रिकोणी फिरती काच हे वायुवीजनाचे मुख्य साधन होते. ती थोडी उघडल्यास आतील हवा बाहेर ओढली जाई, तर पूर्ण फिरविल्यास बाहेरचा झोत आत वळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० गाडी आल्यानंतर वातानुकूलित लहान गाड्यांचा प्रसार होऊ लागला. टेल्कोने १९९८ मध्ये पुण्यात तयार केलेल्या इंडिका गाडीच्या काही प्रकारांतही वातानुकूलन होते. पुढे पुणे–नाशिक महामार्गावरील चाकण परिसरात मोटारगाड्यांसाठी तापन-शीतन संच बनविणारा उद्योगही उभा राहिला. याच महामार्गाच्या परिसरात आंबेगाव व जुन्नर या दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत. हिवाळ्यातील पहाटे भाजीपाला घेऊन निघणाऱ्या वा गाळप हंगामात ऊस वाहणाऱ्या चालकाच्या दृष्टीने काचेवरील बाष्प घालविणारा झोत ही चैन नसून गरज आहे.

नियंत्रक व दोषशोधन : जुन्या गाड्यांत तरफेस जोडलेल्या केबलने झडपा हलत, नंतर काही गाड्यांत एंजिनातील निर्वाताचा आणि अलीकडे लहान विद्युत् चलित्रांचा उपयोग होऊ लागला. नियंत्रणाची रीत बदलली, तसे दोषांचे स्वरूपही बदलले. तरफ सैल फिरत असून हवेची दिशा बदलत नसेल, तर केबल निसटलेली किंवा तुटलेली असते. निर्वात नळीस गळती असल्यास अनेक गाड्यांत हवा आपोआप काचेकडे वळते. बिघाडातही काच स्वच्छ राहावी, यासाठी ही योजना केलेली असते. चलित्राच्या दंतचक्राचे दाते तुटल्यास टकटक असा आवाज येतो. पंखा केवळ सर्वोच्च वेगावरच चालत असेल, तर बहुधा वेग कमी करणारा रोधक जळालेला असतो; कारण सर्वोच्च वेगास विद्युत् प्रवाह रोधकातून जात नाही. पुरेशी उष्णता मिळत नसेल, तर प्रथम एंजिन थंड असताना शीतकाची पातळी पाहावी. ती योग्य असल्यास उघड्या स्थितीत अडकलेला तापनियंत्रक, शीतकातील हवेचा अडथळा किंवा तुंबलेला लहान प्रारक यांचा विचार करावा. काचेवर चिकट बाष्प व गोडसर वास ही लहान प्रारकातून शीतक गळत असल्याची खूण होय.

गाडीतील हवाच पुन:पुन्हा फिरविल्यास शीतन लवकर होते. परंतु दीर्घकाळ तसे केल्यास आर्द्रता व कार्बन डाय-ऑक्साइड वाढून काच धूसर होते आणि चालकास सुस्ती येते. म्हणून अधूनमधून ताजी हवा घेणे इष्ट असते. एंजिन चालू ठेवून बंद जागेत गाडीत झोपणे मात्र आजही प्राणघातक ठरू शकते. भारतात २०२५ पासून नव्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन बंधनकारक झाले. त्यामुळे चालकाचा थकवा हा रस्ता-सुरक्षिततेचा विषय आहे, या विचारास कायद्याची मान्यता मिळाली.