वजाची रेघ आणि ऋणाची रेघ

‘८ - ३’ मधली रेघ आणि ‘-३’ मधली रेघ सारखीच का, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतो. प्रश्न रास्त आहे. पहिली रेघ ‘वजा करा’ अशी क्रिया सांगते. दुसरी, संख्या ऋण आहे एवढेच सांगते.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीत सांगितली आहे. अव्यक्त राशींसाठी त्यांनी ‘या’, ‘का’, ‘नी’ अशी साधी अक्षरे घेतली. ऋणाला मात्र खास खूण. टिंब संख्येलाच चिकटलेले असल्याने क्रियेशी त्याची गल्लत होत नाही.

आठशे वर्षांनी संगणकासाठी चिन्हे ठरवताना हाच प्रश्न पुन्हा आला. केनेथ आयव्हर्सन या गणितज्ञाने हार्वर्ड विद्यापीठात शिकवताना एक नवी चिन्हलिपी रचली. तिच्यावरचे ‘ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक १९६२ साली निघाले. त्याच्या आद्याक्षरांवरून भाषेला ‘एपीएल’ नाव पडले. तिच्यात संख्यांची अख्खी यादी एकदम हाताळता येते.

कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे. समजा, तीन दिवस पाणी ३७, ३९ आणि ४२ फुटांवर होते. एपीएलमध्ये ‘३७ ३९ ४२ - ३९’ एवढेच लिहायचे. उत्तर येते ‘¯२ ० ३’. ऋणाची रेघ इथे अंकाच्या वरच्या बाजूला आहे. तिच्या जागी साधी वजाची रेघ देऊन ‘-२ ० ३’ लिहिले, तर संगणक ती क्रिया समजतो आणि पुढच्या साऱ्या संख्यांची चिन्हे बदलतो: ‘¯२ ० ¯३’. इशारा पातळीच्या तीन फूट वर गेलेली नदी कागदावर तीन फूट खाली उतरते!

अशा खास चिन्हांची किंमतही होती. ती नेहमीच्या कळफलकावर नव्हती. आयबीएमच्या टंकयंत्रात त्यांच्यासाठी वेगळा अक्षरगोळा बसवावा लागे. म्हणून १९९० मध्ये आयव्हर्सन यांनी रॉजर हुई यांच्यासह ‘जे’ ही भाषा साध्या कळफलकावरच्या खुणांत बांधली. तिच्यात तीच यादी ‘_२ ० ३’ अशी लिहितात. चिन्हे साधी झाली, तरी वजा आणि ऋण यांतला भेद त्यांनी पुसला नाही. पुढे एपीएलची चिन्हे युनिकोडमध्येही आली. आज दोन्ही भाषा वापरात आहेत.

खूण खास असो वा साधी, एका खुणेवर दोन अर्थांचे ओझे नसावे. ऋण संख्या शिकवताना पहिले काही दिवस फळ्यावर ऋणाची रेघ अंकाच्या वरच्या बाजूला काढून पाहावी. विद्यार्थ्याला दोन्ही अर्थ वेगळे दिसू लागले, की पुस्तकातली रेघ त्याला अडवणार नाही.