चार्जिंगला जागा द्या
भिवंडीत लाइट गेली की ते आधी कानांना कळायचं. लूमची खटखट एकाएकी थांबायची, गल्ली बधिर व्हायची आणि माझ्या छातीत धस्स व्हायचं. कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असायच्या आणि रात्री दुगाडकडे हळद असायची.

मी १९९४ पासून तालुक्यातली लग्नं शूट करतो. तेव्हा खांद्यावर पॅनासॉनिकचा व्हीएचएस कॅमेरा असे. त्याची बॅटरी शिशाची, १२ व्होल्ट आणि २.३ अँपिअर-तासांची, हातात धरली की विटेसारखी जड. नवी असताना तासभर साथ द्यायची, जुनी झाली की वीस मिनिटांत मान टाकायची. उजेडासाठी हजार वॅटचा हॅलोजन. त्याला आम्ही सनगन म्हणायचो. तो बॅटरीवर चालणं शक्यच नव्हतं, म्हणून लाइट धरणारा पोरगा लांबलचक वायर ओढत माझ्यामागे फिरायचा आणि वायरचं दुसरं टोक लग्नघराच्या ओटीवर असायचं.

त्यामुळे कुठल्याही घरात माझं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "काकी, चार्जिंगला जागा द्या." आगरी घरातून उत्तरही ठरलेलं यायचं: "आदी जेव बाला, मंग तुजा डबा लाव." चांगला प्लग बहुधा आतल्या खोलीत, टीव्हीच्या मागे असायचा. त्या एका प्लगपायी मला नवरीच्या आईचं रडणं दिसलं, मामाचा रुसवा दिसला, रुखवताची मांडामांड दिसली. माझ्या जुन्या कॅसेटींमधलं जे जिवंत आहे, ते बहुतेक त्या खोलीत टिपलेलं आहे.

२००६ चा मे महिना मी विसरलेलो नाही. राज्यभर भारनियमन होतं. भिवंडीत तर बरीच वीज गळतीत जायची, वर डीपी जळायचे. एका गावात हळदीला एक म्हातारी धवलारीण आली होती. आमच्याकडे आगरी लग्नांत पूर्वी धवलारीणच धवले गाऊन लग्न लावायची. ही त्या गावातली शेवटची. दिवसभर लाइट नव्हती, म्हणून माझी बॅटरी अर्धीच भरलेली. अकराव्या मिनिटाला कॅमेरा बंद पडला. म्हातारी अंधारात गातच राहिली आणि मी नुसता उभा राहिलो. पुढच्या वर्षी ती गेली. ती अकरा मिनिटंच माझ्याकडे आहेत.

२६ जानेवारी २००७ ला भिवंडीचं वीज वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे गेलं. वितरणाची अशी फ्रँचायझी देशात पहिल्यांदाच दिली गेली. लाइट टिकू लागली, लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्या, सनगनच्या जागी एलईडी आले. मी मात्र धवलारणीच्या त्या रात्रीपासून लाइटवर विश्वास ठेवलेला नाही.

मग ड्रोन आले. २०१४ च्या ऑक्टोबरात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ते उडवायला मनाई केली होती. २०२१ च्या ऑगस्टात नवी नियमावली आली; तिच्यात २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' या सर्वांत हलक्या गटात होता. त्या वर्षी मी २४९ ग्रॅमचा मिनी टू घेतला. त्याची बॅटरी १७.३ वॅट-तासांची. जुन्या यूएसबीच्या भोकातून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. त्यावर एक बॅटरी भरायला सात तासांहून जास्त लागतील. पॉवर डिलिव्हरीच्या टाइप-सी चार्जरवर तेच काम सव्वा-दीड तासात होतं. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने. म्हणजे ७४ वॅट-तास, आणि त्यातलंही बरंच उष्णतेत जातं. तीन बॅटऱ्या जेमतेम भरतात. नव्या पोरांना मी हेच आधी शिकवतो. दुसरं शिकवतो ते हे, की नुकतीच उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही; मे महिन्यात तर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचीच नाही.

माझा खरा चार्जिंग पॉइंट आता रस्त्यावर आहे. गोदामांचे ट्रक अंजूरफाट्याला अडकले की सगळे हॉर्न वाजवतात. मी गाडीच्या सॉकेटमध्ये चार्जर खुपसून चार्जिंग हबमध्ये ड्रोनच्या तिन्ही बॅटऱ्या लावतो. त्या एकामागून एक भरतात. मानकोलीपासून वज्रेश्वरीपर्यंतचं अंतर मी बॅटऱ्यांत मोजतो. जाम असला तर दोन, नसला तर एकही नाही.

कुणाच्या घरात प्लग मागायला जावं लागत नाही, त्यामुळे आतली खोलीही आता दिसत नाही. याचं मला वाईट वाटतं. म्हणून सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या तरी मी हळदीच्या घरात जाऊन चार्जिंगला जागा मागतोच.

गेल्या फेब्रुवारीत अशाच एका घरात मागच्या पडवीत बसलेल्या आजींनी हळू आवाजात धवला धरला. बाहेर डीजेची जुळवाजुळव चालली होती. ड्रोनची घरघर गाण्यावर पडली असती, म्हणून तो पिशवीतच ठेवला. पॉवर बँक त्याच्यासाठी आणली होती, ती आवाजाच्या रेकॉर्डरला लावली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. आजी पाऊण तास गायल्या. सगळं रेकॉर्ड झालं.