कच्च्या आकड्यापासून भौतिक राशीपर्यंत : औद्योगिक नियंत्रकांतील ॲनालॉग संकेतांचे स्केलिंग व त्याच्या अध्ययनाचा इतिहास

प्रस्तावना

कारखान्यातील दहा मीटर उंचीच्या टाकीत पाण्याची पातळी पाच मीटर असते. नियंत्रकाच्या स्मृतीत मात्र त्याच क्षणी १३८२४ असा आकडा नोंदलेला असतो. या आकड्यावरून पुन्हा पाच मीटरपर्यंत पोहोचण्याच्या क्रियेस 'स्केलिंग' असे म्हणतात. गणिताच्या दृष्टीने ही क्रिया सरळ रेषेच्या समीकरणापलीकडे जात नाही. तरीही प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर (पीएलसी) शिकणारा विद्यार्थी अनेकदा नेमका येथेच अडखळतो. समीकरण सोपे असूनही विषय अवघड का ठरतो, या प्रश्नाचे उत्तर गणितात नसून तंत्राच्या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचे प्रमुख टप्पे पाहून त्यांतून अध्यापनासाठी मिळणारा बोध मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हवेच्या दाबापासून विद्युतप्रवाहापर्यंत

इलेक्ट्रॉनिक साधने रूढ होण्यापूर्वी प्रक्रिया-उद्योगात मापनाचा संकेत संपीडित हवेच्या दाबाने वाहून नेला जाई. ३ ते १५ पीएसआय ही त्याची सर्वमान्य कक्षा होती. मोजायची राशी किमान असताना दाब शून्य नसून ३ पीएसआय असे. त्यामुळे दाब त्याखाली गेला, तर नळी फुटली आहे किंवा हवेचा पुरवठा बंद पडला आहे, हे तंत्रज्ञास कळत असे. यालाच 'जिवंत शून्य' म्हणतात. त्या काळी स्केल ही दर्शकाच्या तबकडीवर छापलेली, डोळ्यांना दिसणारी वस्तू होती. काटा आणि तबकडी यांचा मेळ तंत्रज्ञ स्वतःच्या हाताने जुळवीत असे.

विद्युतसंकेतांच्या काळात प्रारंभी एकवाक्यता नव्हती. काही उत्पादक १० ते ५० मिलिॲम्पिअरची कक्षा वापरीत, तर काही ४ ते २० ची. अखेरीस ४ ते २० मिलिॲम्पिअर ही कक्षा सर्वत्र रूढ झाली आणि अमेरिकेतील आयएसए या संस्थेच्या मानकाने तिला औपचारिक मान्यता दिली. ३ : १५ आणि ४ : २० ही दोन्ही गुणोत्तरे १ : ५ हीच आहेत. हाच प्रवाह २५० ओहमच्या रोधातून गेला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. संकेताचे माध्यम बदलले, पण जिवंत शून्याची कल्पना टिकून राहिली.

संगणकीय आकड्याचे आगमन

पीएलसीचा जन्म मात्र ॲनालॉग मापनासाठी झालेला नव्हता. १९६८ मध्ये डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या कल्पनेतून 'मोडिकॉन ०८४' हा नियंत्रक साकार झाला. मोटार-उद्योगातील रिलेंच्या भिंतभर पसरलेल्या कपाटांना पर्याय देणे, हा त्याचा हेतू होता. त्याचे जग 'चालू' आणि 'बंद' या दोनच अवस्थांचे होते. पुढे ॲनालॉग मोड्यूल जोडले गेले, तेव्हा तबकडीची जागा आकड्याने घेतली आणि प्रत्येक उत्पादकाने तो आकडा आपापल्या पद्धतीने ठरविला. सीमेन्सच्या एस७-३०० मध्ये ४ ते २० मिलिॲम्पिअरसाठी ० ते २७६४८ हे आकडे मिळतात. त्याच कंपनीच्या एस७-२०० मध्ये ० ते २० मिलिॲम्पिअरला ० ते ३२००० असल्याने ४ मिलिॲम्पिअर म्हणजे ६४०० होतात. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मालिकेतील एका प्रचलित मोड्यूलमध्ये हीच कक्षा ३२७७ ते १६३८४ अशी दिसते. एकच १२ मिलिॲम्पिअरचा प्रवाह तीन ठिकाणी तीन वेगळी रूपे घेऊन येतो.

शिकणाऱ्याची चूक आणि तिचे स्वरूप

येथे घडणारी नेहमीची चूक उद्बोधक आहे. विद्यार्थी ६४०० चा आरंभ विसरतो आणि ० ते ३२००० हीच कक्षा ० ते १० मीटरशी जोडतो. परिणामी रिकाम्या टाकीत दोन मीटर पाणी दिसते आणि अर्धी भरलेली टाकी सहा मीटर दाखविते. भरलेली टाकी मात्र अचूक दहा मीटर दाखविते! केवळ पूर्ण कक्षेवर चाचणी घेणाऱ्यास आपला प्रोग्रॅम निर्दोष वाटतो. ४, ८, १२, १६ व २० मिलिॲम्पिअर या पाच बिंदूंवर पडताळणी करण्याची जुन्या तंत्रज्ञांची शिस्त म्हणूनच निरर्थक नव्हती.

दुसरी अडचण अंकगणिताची होती. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १३८२४ ला प्रथम १० ने गुणावे, तर उत्तर मर्यादेबाहेर जाते. प्रथम २७६४८ ने भागावे, तर पूर्णांकी भागाकार शून्यावर येतो. एसएलसी ५०० मधील 'एससीएल' आज्ञा कच्च्या आकड्याला ठरावीक दराने गुणून १०,००० ने भागत असे आणि त्यात ऑफसेट मिळवीत असे. तो दर विद्यार्थ्याला स्वतः काढावा लागे. पुढे 'एससीपी', सीमेन्सचे 'एफसी १०५' आणि त्यानंतर 'नॉर्म-एक्स' व 'स्केल-एक्स' अशा तयार आज्ञा आल्या. आता केवळ किमान व कमाल मूल्ये भरली की उत्तर मिळू लागले. अंकगणितातील चुका यामुळे कमी झाल्या, हे मान्य करावेच लागेल. मात्र समीकरणासोबत त्यामागील गृहीतकेही नजरेआड झाली.

गृहीतकांची किंमत

या नजरेआड होण्याचा अर्थ २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात घडलेल्या दुर्घटनेतून स्पष्ट होतो. तेथील सुमारे १७० फूट उंचीच्या मनोऱ्यात द्रव १५८ फुटांपर्यंत चढला होता. नियंत्रण-कक्षातील दर्शक मात्र सुमारे आठ फूट, तीही हळूहळू घटणारी, पातळी दाखवीत होता. हे साधन मनोऱ्याच्या तळाकडील मोजक्या फुटांपुरतेच होते आणि द्रवाच्या उत्प्लावक बलावरून पातळी ठरवीत होते. त्याचे अंशांकन जुन्या, बदललेल्या परिस्थितीस लागू न पडणाऱ्या माहितीवर झालेले होते. द्रव तापला, त्याची घनता घटली, आणि प्रत्यक्षात पातळी वाढत असताना आकडा उतरत गेला. स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले व १८० जण जखमी झाले. दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि सारा दोष एका आकड्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही कक्षेतला आकडा म्हणजे सत्य नव्हे, हा धडा तिने दिला. तुटलेली तार आकड्यावरून ओळखता येते. चुकीच्या गृहीतकावर आधारलेला, पण कक्षेत बसणारा आकडा केवळ आकडा पाहून ओळखता येत नाही.

समारोप

या आढाव्यातून असे दिसते की, हवेच्या नळीपासून तयार आज्ञांपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर स्केलिंग अधिक सोपे झाले आणि त्याच वेळी अधिक अदृश्यही झाले. म्हणून अध्यापनात सूत्र शिकविणे पुरेसे नाही. विद्यार्थ्याने प्रथम कागदावर रेषा काढावी, पाच बिंदू तपासावेत, तार काढून नियंत्रक काय दाखवितो ते पाहावे आणि मगच तयार आज्ञा वापरावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा आकडा कोणत्या साधनातून, कोणत्या द्रवासाठी व कोणत्या मर्यादेपर्यंत खरा आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला लागावी. पूर्वी तबकडीवर काटा जुळविताना हा प्रश्न तंत्रज्ञासमोर आपोआप उभा राहत असे. आज तो विद्यार्थ्यासमोर उभा करणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे.