बुरशी, ऊन आणि पानाची खालची बाजू

बव्हेरिया किंवा मेटारायझियम फवारायचं तर संध्याकाळी, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. कारणही पाठ असेल: उन्हातले अतिनील किरण बुरशीचे बीजाणू मारतात. पण उन्हाचा हा वाटा बागेत उभं राहून ओळखणं किती अवघड होतं, ते फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांच्या इतिहासात दिसतं.

तिथे पांढऱ्या माशीने बागायतदारांना जेरीस आणलं होतं. एच. जे. वेबर यांनी 1897 मध्ये या माशीच्या पिल्लांवर वाढणाऱ्या अ‍ॅशरसोनिया बुरशीबद्दल लिहिलं, 1908 मध्ये एच. एस. फॉसेट यांनी अशा बुरशींचा सविस्तर अभ्यास मांडला. बागायतदार बुरशी लागलेली पानं पाण्यात मिसळून तेच पाणी झाडांवर फवारू लागले. पावसाळ्यात ते चांगलं लागू पडायचं. निष्कर्ष निघाला, बुरशीला ओलावा हवा. तो बरोबरच होता.

पण जरा थांबा. पावसाळ्यात ओलाव्यासोबत ढगही येतात. शिवाय माशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला असतात, आणि पान यूव्ही-बी किरण जवळपास सगळे शोषून घेतं. म्हणजे बुरशीला आयती सावली! यश नक्की कशाचं? ओलाव्याचं, ढगांचं की पानाचं? संशोधनात यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो.

प्रकाशाचा वाटा वेगळा काढायचा तर बाकी सगळं स्थिर ठेवावं लागतं. जॅक फार्ग आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये चार प्रजातींचे 135 आयसोलेट्स कृत्रिम सूर्यप्रकाशात तपासले. मेटारायझियम फ्लॅव्होविरिडी सर्वांत तगडी निघाली, पेसिलोमायसिस फ्युमोसोरोसियस सर्वांत नाजूक. एकाच प्रजातीच्या आयसोलेट्समध्येही फरक होता. त्यामुळे ‘बुरशी उन्हात मरते’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणता आयसोलेट, किती डोस, हे विचारायलाच हवं.

आणखी एक गंमत. 1949 मध्ये अल्बर्ट केल्नर यांनी स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूवर दाखवलं की अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेले बीजाणू दृश्य प्रकाशात सावरतात. त्यामागे डीएनए दुरुस्त करणारं फोटोलायेज हे विकर असतं. ते या कीटकभक्षक बुरशींमध्येही आहे. म्हणजे तेच ऊन मारतं आणि दुरुस्तीलाही हातभार लावतं. म्हणून नुसत्या यूव्ही दिव्याखाली मिळालेला मृत्युदर थेट बागेला लावू नका.

प्रपोजल लिहिताना एवढं तपासा: पांढरा प्रकाश दिलाय का? तापमान मोजलंय का? अंधारातला कंट्रोल आहे का? आणि बागेतल्या चाचणीत पानाच्या वरचे व खालचे बीजाणू वेगवेगळे मोजा. फवारणी फसली की शेतकरी ‘जैविक म्हणजे बिनकामाचं’ म्हणून मोकळा होतो. दोष आयसोलेटचा होता की उन्हाचा, हे सांगणं आपलं काम आहे.