एका दिवसाचा अध्यक्ष

सभेस अध्यक्ष हवा म्हटले की आपल्याकडे आधी वय, पदवी, प्रतिष्ठा यांची चौकशी होते. आणि एकदा बसलेला अध्यक्ष सहसा लवकर उठत नाही. प्राचीन अथेन्सच्या लोकांनी हे आसन एका माणसाच्या हाती एका अहोरात्रीपेक्षा अधिक राहू दिले नाही.

क्लाइस्थेनीसने इ. स. पू. ५०८ च्या सुमारास नागरिकांचे दहा गण पाडले. प्रत्येक गणाचे ५० असे ५०० सभासद पुढे चिठ्ठ्या टाकून वर्षापुरते निवडले जाऊ लागले. एकेका गणाचे पन्नास जण वर्षाचा दहावा भाग कारभार पाहत, आणि त्यांच्यातून रोज एक अध्यक्ष निघे, तोही चिठ्ठीनेच. खजिन्याच्या किल्ल्या व राज्याची मुद्रा त्याच्यापाशी. जनसभेत ठराव मतास टाकणे हे त्याचे व त्याच्या सहकाऱ्यांचे काम. हा मान आयुष्यात पुन्हा मिळत नसे. (स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी यांची चिठ्ठी मात्र कधीच पडली नाही.)

इ. स. पू. ४०६ मध्ये या व्यवस्थेची कसोटी लागली. आर्गिन्युसीची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरील आपली माणसे वाचविता आली नाहीत. शहर खवळले. सर्व सेनापतींचा निवाडा एकाच मतदानाने करावा, असा बेकायदा ठराव कॅलिक्सेनसने आणला. पन्नासांपैकी काहींनी तो मतास टाकण्याचे नाकारताच, तुम्हांलाही आरोपींच्या पंक्तीस बसवू, अशी धमकी आली. सर्व नमले, एकटा सॉक्रेटीस नमला नाही. त्या दिवशीचा अध्यक्ष तोच होता, असे झेनोफोन एका ग्रंथात म्हणतो. दुसऱ्यात तो पन्नासांपैकी एक, एवढेच. सहा सेनापतींचा वध झाला. त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला, पण त्याचा उपयोग काय?

चिठ्ठीने आलेल्या सामान्यांकडून दुसरे काय होणार, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. एखादा मातब्बर मुत्सद्दी त्या आरोळ्यांपुढे टिकला असता, याला पुरावा नाही. आणि सॉक्रेटीसही चिठ्ठीनेच आला होता. अथेन्सकरांनीही पुढे सभेची सूत्रे कोणा बड्याकडे सोपविली नाहीत. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ती अधिकच वाटली. कारभार पाहणारा गण वगळून उरलेल्या नऊ गणांतून एकेक माणूस सभेच्याच दिवशी चिठ्ठीने निघे, आणि त्या नऊ जणांतला एक सभा चालवी. आदल्या रात्री अध्यक्षाला गाठू म्हटले, तर तो कोण हे त्याचे त्यालाही ठाऊक नसे. किल्ल्या व मुद्रा मात्र पूर्वीच्याच एका दिवसाच्या अध्यक्षापाशी राहिल्या.